पुलाअलीकडचे कर्णिककाका

कर्णिककाका एका पुलापाशी भोंगा वाजवत नसत. इरी कालव्यावर आमच्या भागात रस्त्याचे पूल इतके खाली आहेत, की बोट आली की अख्खा पूल वर उचलावा लागतो. नियम साधा आहे. पूल जवळ आला की तीनदा भोंगा द्यायचा, म्हणजे वरच्या केबिनमधला माणूस रस्ता बंद करून पूल उचलतो. बाकी सगळ्या पुलांना काका नियमाप्रमाणे भोंगा देत. या एका गावापाशी आले की इंजिन बंद करत, बोट काठाला बांधत आणि कोणीतरी पूल उचलेपर्यंत गप्प बसून राहत.

रॉचेस्टरजवळ आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. मी ऑडिटमधला माणूस, बोटीशी माझा संबंध नव्हता. पण दर सप्टेंबरात ते आठवडाभर एक लांबट, अरुंद बोट भाड्याने घेत आणि लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यात, दोर धरायला त्यांना दुसरा माणूस लागे. "पोहता येतं?" त्यांनी विचारलं. "बऱ्यापैकी," मी म्हणालो. "छान. मग पडलास तर मी थांबणार नाही. पुढच्या लॉकला भेटू."

हा कालवा दुरुस्त करून आता हौशी बोटींसाठी ठेवला आहे, पण त्यावरून गावं चांगली दिसत नाहीत. त्यांची पाठ दिसते. फुटक्या खिडक्यांच्या विटांच्या इमारती, गंजलेले माल चढवायचे धक्के, एखाद्या छपरातून वर आलेलं झाड. अशाच एका इमारतीत काकांचं आयुष्य गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम शिकलेला हा माणूस इथल्या फाउंड्रीत मेटलर्जिस्ट म्हणून आला आणि शेवटी तिथला मॅनेजर झाला. "मॅनेजर केलं ते बंद करायला," ते म्हणत. "आधीच्या गोऱ्या मॅनेजरने नाही म्हटलं. मी हो म्हटलं. घराचे हप्ते होते, मुलीचं कॉलेज होतं." दोनशेच्या वर माणसं घरी बसली. मुख्य ऑफिसचे साहेब दुसऱ्या राज्यात होते, ते आलेसुद्धा नाहीत.

त्यांचं एक पालुपद होतं, "गार होऊ दे." ओतलेला लोखंडी भाग साच्यातच गार होऊ द्यावा लागतो, घाईने काढला तर तडकतो. काका हे कशालाही लावत. मुलगी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून फोनवर चिडली, "Baba, just sell the house!" की हे शांतपणे म्हणत, "गार होऊ दे, मग बोलू." चहासुद्धा ते पूर्ण गार करून पीत. सुनंदाकाकू म्हणत, "यांच्याशी भांडण करायचं तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते."

पहिल्या वर्षी आम्ही त्या पुलाअलीकडे, फाउंड्रीच्या भिंतीला लागून, पाऊण तास थांबलो. मी म्हणालो, "काका, भोंगा देऊ का? नियमच आहे."

"नको. त्याला माहीत आहे मी आलोय."

"कोणाला?"

"केबिनमध्ये डेल आहे. आमचा मोल्डर होता, साचे करायचा, फार चांगला हात. शेवटच्या दिवशी मी गेटवर उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवला. कोणी एक शब्द बोललं नाही. डेल सगळ्यांत शेवटी आला. त्याने हातही पुढे केला नाही. दोन वर्षं बेकार होता, घर गेलं, बायको सोडून गेली. मग ही नोकरी मिळाली. मी त्याला भोंगा वाजवून उठवायचं? तो थांबवेल तितकं मी थांबेन."

"वर जाऊन बोला ना त्याच्याशी."

"काय बोलू? सॉरी?" ते हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "त्याने बोलावं. एकाने तरी मला शिव्या द्याव्यात रे. मला वाटलं, माणसं गार झाली की बोलतील. तिथेच हिशेब चुकला. काही माणसं गार होतात आणि मग बोलतच नाहीत."

शेवटी मागून दुसरी बोट आली, तिने भोंगा दिला, पूल उठला. खालून जाताना काकांनी टोपी काढून हातात धरली. वर कोणी पाहिलं की नाही, ते कळलं नाही. त्यानंतर दर वर्षी तेच. काकूंना हे सगळं माहीत होतं. "वर्षातून एकदा तोंड दाखवायला जातात," त्या म्हणत, "तेही मागच्या दाराने."

गेल्या सप्टेंबरात काकांच्या यकृताच्या आजाराचं निदान होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी आशा ठेवली नव्हती आणि काकांनी ती मागितलीही नाही. बोट मीच चालवली. ते ब्लँकेट घेऊन खुर्चीत बसले होते. पुलाअलीकडे आम्ही दीड तास थांबलो. वारा बोचरा होता, त्यांचे ओठ काळपट पडले. माझा हात भोंग्याकडे गेला तेव्हा त्यांनी मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आज जास्त थांबवतोय," ते म्हणाले. "बरोबर आहे त्याचं."

अखेर सायकलवरच्या एका बाईने आम्हाला पाहिलं आणि वर जाऊन सांगितलं. पूल उठला. काकांना टोपी काढायला मी मदत केली. फेब्रुवारीत ते गेले.

या सप्टेंबरात काकू म्हणाल्या, "मला ने त्या पुलापाशी. कोण तो डेल, मला बघायचाय." मी बोट त्याच जागी बांधली, काकूंना बसवलं आणि पायऱ्या चढून केबिनपाशी गेलो. दारात साठीचा जाडजूड माणूस उभा होता. मी सांगितलं, दर वर्षी खाली थांबणारे ते म्हातारे गृहस्थ वारले.

"टोपी काढायचा तो?" तो म्हणाला. "अरेरे. कोण होता?"

मी नाव सांगितलं.

"फाउंड्रीचा कर्णिक? तो होता तो? मला वाटलं, तो केव्हाच टेक्सासला गेला. बाकीचे साहेब लोक गेले तसा." मग त्याने केबिनच्या खिडकीकडे हात केला. "इथून बघ. काय दिसतं?"

मी पाहिलं. फाउंड्रीची भिंत दिसत होती. तिच्या आडोशाला बांधलेली आमची बोट दिसत नव्हती, काकूही दिसत नव्हत्या.

"म्हणून तर भोंगा असतो," डेल म्हणाला. "वाजवला का नाही त्याने?"

"तुम्ही मुद्दाम थांबवताय असं त्यांना वाटायचं. आणि ते योग्यच आहे असंही." मग मी विचारलं, "वाजवला असता आणि कोण आहे हे कळलं असतं, तर काय केलं असतंत?"

त्याने विचार करून उत्तर दिलं. "पूल उचलला असता. ते माझं कामच आहे. आणि मग खाली येऊन त्या माणसाला असं काही सुनावलं असतं, की जन्मभर विसरला नसता. इतकी वर्षं पाठ करून ठेवलंय मी."

खाली आल्यावर मी काकूंना हे शब्दशः सांगितलं. मला बदलून सांगता येत नाही. त्या उठल्या, मला बाजूला केलं आणि भोंग्याचं बटण तीनदा दाबलं. गरज नव्हती, आम्ही खाली आहोत हे डेलला ठाऊक होतं. फाउंड्रीच्या भिंतीवरून तो आवाज परत आला.

पूल वर गेला. काकू वर बघत उभ्या होत्या. खाली कोणी आलं नाही.