हर्तोयोचे गुडघे

उसाच्या मळ्यांमधून निम्मी वाट चालून झाली होती, तोच हर्तोयो आणखी एका चहाच्या टपरीवर थांबला. कुणीतरी "आमचा वाघ आला" म्हणालं, तेवढं त्याला पुरलं. सत्तरीचा माणूस, लुंगी सावरत, गुडघे वाकवून, नसलेल्या चेंडूला लाथ मारून दाखवायला लागला.

टपरीवाली म्हणाली, "पाक, तो गोल आम्हाला पाठ आहे. आता चहा तरी घ्या."

तो खूश होऊन हसला. स्वतःचं कौतुक सुरू झालं की टोमणे त्याला ऐकूच येत नाहीत.

लग्न होऊन मी पूर्व जावातल्या या गावात आले, तेव्हापासून तो आमचा शेजारी. इथं मानानं पुरुषाला 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. तरुणपणी प्रांताच्या चषकाचा अंतिम सामना त्यानं एका गोलानं जिंकून दिला आणि उरलेलं आयुष्य त्या गोलावर बसून काढलं. मैदानाला त्याचं नाव, भिंतीवर त्याचं चित्र. चित्रात तो एकटाच आहे. त्या गोलाचा चेंडू डाव्या बाजूनं पळवत आणून त्याच्या पायाशी दिला त्याच्याच संघातल्या वागिमाननं, आणि देता देता समोरच्याच्या धडकेनं वागिमानचा पाय मोडला. तो गवतात विव्हळत होता, तेव्हा हर्तोयो लोकांच्या खांद्यावर होता. हर्तोयो त्याला बघायला इस्पितळात गेला नाही. पुढंही त्याच्या घरी कधी गेला नाही.

ईदला इथं धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, गुडघे टेकून त्याच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि माफी मागायची. वागिमान थोरला. पण दर ईदला हर्तोयोच नवा सदरा घालून ओसरीत खुर्ची टाकून बसायचा. "वागिमान काही येत नाही बघा, बू," असं वर मलाच सांगायचा. "मनात अढी आहे त्याच्या." लंगडा माणूस एवढं कसा चालणार, हे त्याला सुचलं नाही. किंवा सुचलं, पण सोयीचं नव्हतं.

यंदा ईदच्या सकाळी निरोप आला, की वागिमान फार दिवस काढत नाही. मग हा घाबरला. त्यानं माफ न करता डोळे मिटले तर वर काय तोंड दाखवायचं, हे आत्ता आठवलं.

"सोबत चला, बू. तुम्ही देवाधर्माच्या."

मी निघाले ती वागिमानसाठी. वाटभर मनात नामस्मरण केलं, नाहीतर तोंडून भलतंच निघालं असतं.

बांबूच्या फाटकाशी वागिमानची सून आली. "या, पाक. बाबा सकाळपासून दाराकडे डोळे लावून आहेत. चटईसुद्धा टाकायला लावली, म्हणाले, तो आज येईल." म्हाताऱ्याला उठवून बसवायला ती आत वळली.

उघड्या दारातून ती चटई दिसत होती. हर्तोयोनं ती पाहिली आणि फाटक धरून उभा राहिला.

"गुडघे वाकत नाहीत हो माझे," तो म्हणाला. टपरीवर चांगले वाकत होते.

मग तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "बू, तुम्हीच जा ना आत. माझ्या नावानं तुम्हीच टेका डोकं, बायकांना सवय असते. आणि तो 'माफ केलं' म्हणाला, की मला हाक मारा."