मनकर्णाबाईंची टाच

नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत मनकर्णाबाई खो-खो शिकवायच्या. मूळच्या नांदेडच्या, लग्न होऊन नल्लकुंट्याला आलेल्या. आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या त्या टोकाची मुलगीही दचकून धावायला लागे. साखरेचा आजार होता, पण तो त्यांनी कधी फारसा मनावर घेतला नाही.

हायटेक सिटीच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. बुटात खडा गेला आणि दिवसभर टाचेला रुतत राहिला. बाईंना कळलंच नाही. साखरेनं पाय बधिर झाले होते. जखम चिघळली. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, दसरा आला तरी भरेना. एका सर्जननं पाय काढायला सांगितलं. बाईंचे यजमान शंकरराव घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. बाई मात्र लेक निशिगंधाला घेऊन तारनाक्याच्या एका नव्या दवाखान्यात गेल्या.

तिथल्या डॉ. स्वर्णलतांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला. तो चांगला निघाला. मग हसून म्हणाल्या, "अम्मा, दवा आपके खून में हीच है."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दंडातून थोडं रक्त घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून त्यांची जेली जखमेवर बसवायची. नवं मांस धरायला लावणारे घटक त्या प्लेटलेट्समध्येच असतात. खात्री मात्र कुणी देणार नव्हतं. शिवाय इन्सुलिन चुकवायचं नाही, आणि टाच जमिनीला टेकवायची नाही.

ही शेवटची अट बाईंना सगळ्यात जड गेली. आंतरशालेय सामने तोंडावर आले होते. मग मैदानात खुर्ची आली, पाय स्टुलावर गेला आणि शिट्टीवर सराव सुरू झाला.

पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा काहीच फरक नव्हता. डॉक्टरांनी जखम साफ करून पुन्हा जेली बसवली. त्यानंतरच्या खेपेला निशिगंधानं टाचेखाली आरसा धरला. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालचुटुक मांस उगवलं होतं.

"हे माझं आहे?" बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी मान डोलावली. बाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. घरी पोचेपर्यंत त्यांनी रिक्षावाल्यालासुद्धा ते सांगून टाकलं.

पुढे दर खेपेला जखम आक्रसत गेली. शंकरराव आता स्वतःच आरसा धरायला धावत. संघ उपान्त्य फेरीत हरला, तेव्हाही बाईंनी मुलींना जिलेबी खाऊ घातली.

अखेर टाच भरून आली आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत मऊ तळव्यांचे खास बूट घालून बाई उतरल्या. डॉक्टरांनी थोडंच चालायची परवानगी दिली होती. ढोल घुमायला लागला तशा त्या जरा जास्तच चालल्या. निशिगंधानं ओढून मिरवणुकीतल्या जीपमध्ये बसवलं, तर तिथूनही त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.