कचरूच्या गाडीतली पुढची जागा

कचरू गाडी चालवतो ती डावीकडे झुकूनच. उजव्या अंगाला, दरवाज्याजवळ, वीतभर जागा मोकळी सोडतो. आता गाडी त्याच्या मालकीची, चालवायची सीट एका माणसापुरती, तीही दोन्ही बाजूंनी फुगलेली. तिथं दुसरं कोण मावणार? पण सव्वीस वर्षं टेंभुर्णी ते जाफराबाद काळीपिवळी जीप हाकलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी! त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या डावीकडे तीन पॅसिंजर अन् उजवीकडे एक. गियर टाकायचा तर आधी शेजारच्याला मांडी सरकवायला सांगावं लागे. वेगाचा काटा कधी चाळिसाच्या वर गेला नाही. त्याची हाडंच त्या बैठकीत वाकली म्हणा ना.

जीप म्हातारी होऊन भंगारात गेली, अन् कचरू जाफराबादेत एका शाळेच्या बसवर लागला. शाळेच्या संस्थेतले डॉक्टर ऋषी यांना गाड्यांचा भारी शौक. त्यांनी एकदा आपली छोटी लाल गाडी सर्व्हिसिंगला जालन्याला न्यायला कचरूला सांगितलं. दिसायला चारचौघींसारखी, पण पोटात टर्बोचं इंजिन. मोकळ्या रस्त्यावर कचरूनं तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला अन् गाडीनं अशी उसळी घेतली, की त्याची पाठ सीटला चिकटली. आजवर सगळं त्यानं ओढलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला ओढून नेत होतं. गाडी कडेला घेऊन तो एकटाच हसत बसला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी ती विकायला काढली तेव्हा कुणी घेईना. पेट्रोल पिते, बूड जमिनीला टेकतं, पार्ट मिळत नाहीत. कचरूनं घेतली. टेंभुर्णीनं त्याला वेड्यात काढलं.

बायकोनं, झुंबरबाईनं, मात्र काढलं नाही. ती जाफराबादेतच जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. दोघांची वाट एक, वेळ एक. जीपच्या काळात तिला पुढची जागा कधी मिळाली नव्हती. पुढची जागा म्हणजे नगद गिऱ्हाइकाची. घरच्या बाईनं मागं पोत्यांमध्ये अंग चोरून बसायचं, अन् गर्दी झाली की 'तू पुढल्या फेरीला ये' ऐकून उतरायचं. लाल गाडी दारात आली, नारळ फुटला, तशी झुंबरबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि बराच वेळ उतरलीच नाही. सीट फार खोल लागते म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची एक छोटी गादी शिवून तिथं ठेवली.

आठ दिवस झ्याक गेले. पण रस्त्यावर हात वर झाला की कचरूचा पाय त्याला न विचारता ब्रेकवर जातो. जीप गेली तरी हात करणारे तिथंच होते. त्यातून कचरू पैसे घेईना. मग काय विचारता! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वस्तीच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला अप्पाराव उभे असत. माणूस वयस्कर, पूर्वीचा सरपंच, गुडघ्यांनी अधू. मागं वाकून शिरणं त्यांना जमेना. कचरू बायकोकडे न बघता म्हणे, जरा मागं होतीस का. ती मागं होई.

पुढं पाइपांचं लचांड. रब्बीत शेताला पाणी न्यायला लोक रस्त्यात आडवे पाइप टाकतात आणि वरून मातीचा उंचवटा करतात. लाल गाडीचं पोट त्यावर घासायचं. म्हणून रीतच पडली, पाइप आला की मागच्यांनी उतरायचं, उंचवटा पायी ओलांडायचा अन् पुन्हा बसायचं. पुढं बसलेले अप्पाराव गुडघ्यांपायी बसूनच.

एके सकाळी पाइपाचा जोड गळून चिखल झाला होता. झुंबरबाई उतरली, घसरली, गुडघ्यापर्यंत भरली. डबा सांडला. अन् कचरूनं काय करावं? तो उतरला आणि आधी गाडीच्या पोटाखाली वाकून बघायला लागला, कुठं लागलं तर नाही ना म्हणून. अरे, काय म्हणावं या माणसाला!

झुंबरबाई ओरडली नाही. चिखल निपटत तिनं एवढंच विचारलं, "जीपमदी मागं बसले, तवा आपलं पोट भरायचं होतं. आता कोणाचं भरून राह्यले तुम्ही?"

मग ती चालत फाट्यावर गेली अन् एसटीनं जाफराबादला गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. भांडण नाही, अबोला नाही, भाकरी वेळेवर. फक्त कचरू चावी शोधायच्या आत ती वाटेला लागलेली असे. कचरूला गाडीत करमेना. तिसरा गियर टाकला तरी अंगात काही उसळेना, शिवाय अप्पाराव दरवाज्यावरची दांडी धरून 'हळू, हळू' म्हणत, ते वेगळंच.

पाचव्या दिवशी शाळा सुटायची वाट बघताना त्यानं स्टेपनी बघायला लाल गाडीची डिकी उघडली. जॅकखाली ती चिंध्यांची गादी चुरगळून पडली होती, ग्रीस लागलेली. अप्पारावांना टोचते म्हणून त्यानंच कधीतरी तिथं फेकली असणार, त्याला आठवेनासुद्धा. कचरूला स्वतःची लाज वाटली. सव्वीस वर्षं गरज होती, कबूल. पण हे दोन महिने कसली गरज होती? गादी त्यानं शाळेच्या नळावर साबणानं धुतली अन् बसच्या टपावर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी ती निघाल्यावर पाच मिनिटांतच त्यानं गाडी काढली. वळणावर हात वर झाला, अन् पाय ब्रेकवर गेलाच. जित्याची खोड. अप्पारावांनी पुढचा दरवाजा उघडला.

"आप्पा, ती जागा भरलेली हाय," कचरू म्हणाला.

अप्पारावांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "कोण न्हाई की बाबा."

"हाय. पुढं चालत गेलीय. तुम्ही मागं बसा, मी हात देतो."

अप्पारावांनी दरवाजा लावला आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर येतो म्हणाले. हात केलेला माणूस रस्त्यात सोडून कचरू आजवर पुढं गेला नव्हता. पण गेला.

झुंबरबाई पाइपाच्या अलीकडेच सापडली. त्यानं आतून दरवाजा उघडला. तिनं मागची सीट बघितली, मग पुढची, मग तिच्यावर ठेवलेली धुतलेली गादी. बसली. पाइप जवळ आला तसा सवयीनं तिचा हात दरवाज्याकडे गेला.

"बस," कचरू म्हणाला.

"घासंल की."

"घासू दे."

पहिला गियर, अर्धा क्लच. गाडी तिरपी घेत त्यानं एक चाक चढवलं, मग दुसरं. पोटाखाली खर्र झालं. तो उतरला नाही, वाकून बघितलं नाही.

डांबरी लागली, रस्ता मोकळा होता. झुंबरबाई त्याच्याकडे बघत होती.

"सरळ बसा की आता," ती म्हणाली. "तुमच्या उजवीकडं कोणी न्हाई."

कचरू वीतभर सरकला अन् तिसरा गियर टाकला.