कूलरसमोरचं कार्ड

माझा संगणक पोळ्यांच्या डब्याएवढा आहे. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जाताना तो माझ्यासाठी ठेवून गेला आणि त्यावर ट्रक चालवायचा एक खेळ घालून दिला. पन्नाशी उलटल्यावर मी ट्रक चालवायला शिकले. सुरुवातीला इतके टोलनाके उडवले की खऱ्या रस्त्यावर असते तर आतापर्यंत तुरुंगातच जेवत असते. पण दर रविवारी दुपारी तो तिकडून, मी इकडून, दोघांचे ट्रक एकामागे एक निघायचे आणि गप्पा चालायच्या. ऑफिस, शेजारीपाजारी, स्वयंपाक. मधेच तो पुण्यातल्या कढयांचं बूड किती पातळ असतं ते सांगत बसायचा. मला त्याचं काय? पण मी ऐकायची.

खेळाचं मला कौतुक फार नव्हतं. माझा सगळा जीव होता तो पाठीमागच्या खुर्चीत.

नागपुरात इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. मुलानं गादीवर बसायला नकार दिला, त्या दिवशी माझा नवरा त्याला म्हणाला, "मंग माह्याशी बोलू नको." पोरगा बापाच्याच वळणावर गेलेला, त्यानं ते अक्षरशः पाळलं. तेव्हापासून त्याचा फोन आला की हे उठून गॅलरीत जातात. फोन स्पीकरवर टाकला तर चपला घालून सरळ खाली. खेळाची गोष्ट मात्र वेगळी. कानात काही घातलं की माझे कान ठणकतात, म्हणून मुलाचा आवाज स्पीकरमधूनच येतो. शिवाय तेव्हा कुणी कुणाला फोन केलेला नसतो, मी आपली खेळत असते. मग मागच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायला यांची ना नसते. पेपर सकाळीच वाचून झालेला असतो. पोराचा आवाज यांच्या कानावर पडायचा तो एवढाच, आणि ते मी चुकूनही बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर खुर्ची रिकामी झाली असती.

यंदा उन्हाळा लागला आणि खेळाची नवी आवृत्ती आली. ती माझ्या डब्याला झेपेना. मुलाचा ट्रक वळणावर थिजायचा, मग आवाज तुटायचा, मग सगळंच बंद. दोन-तीनदा असं झाल्यावर तो म्हणाला, "आई, राहू दे आता. आपण फोनवरच बोलत जाऊ."

फोनवर म्हणजे गॅलरी. मागे पेपर खाली झाला होता, ते मी वळून न बघताही ओळखलं.

"काही उपाय असन तं सांग," मी म्हटलं.

उपाय होता. ग्राफिक्स कार्ड बसवायचं. पण कार्ड डब्यापेक्षा मोठं, ते आत जाणार कसं? तर ते बाहेर टेबलावर स्टँडवर उभं करायचं, त्याला विजेचा वेगळा पुरवठा द्यायचा आणि त्याची एक पट्टी डब्याच्या आतल्या रिकाम्या खाचेत खोचायची. डब्याचं झाकण अर्धवट उघडंच राहणार. ऐकूनच मला कसंसं झालं. चालतं-बोलतं यंत्र आपण उघडायचं, आणि बिघडलं तर आहे तेही जायचं.

सीताबर्डीच्या एका दुकानातून मी सामान आणलं. मुलानं सगळ्या सूचना आवाजात बोलून पाठवल्या होत्या. त्या मी इतक्या वेळा लावल्या की पोथीसारख्या पाठ झाल्या. मग झाकण काढायला घेतलं. हे मागे येऊन उभे राहिले आणि कुणी न सांगता मोबाइलचा उजेड धरला. मी पट्टी खोचायला गेले.

"उलटी हाये ते," हे म्हणाले. "त्यानं सोनेरी बाजू खाली सांगतली."

मी सरळ केली. 'त्यानं' एवढं का होईना, पोराचं नाव निघालं होतं. मी जोरात श्वाससुद्धा घेतला नाही.

कार्ड चालू झालं. रस्ते गुळगुळीत, झाडांचं पान न्‌ पान दिसू लागलं. पण मला त्यात सुख लागेना. कार्डाचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं, आणि बाहेर नवतपा चालू, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. नागपुरात नवतप्यात माणसं दुपारी रस्त्यावर दिसत नाहीत, आणि आम्ही त्या बिचाऱ्याला कामाला जुंपलेलं. आकडा ऐंशीवर गेला. मुलगा म्हणाला एवढं चालतं. मी रस्त्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघू लागले, घरात कुणाला ताप असावा तशी.

आकड्याकडे आणखी कुणीतरी बघत होतं.

"काहून वं, एवढं तापते का हे?" हे हळूच कुजबुजले, माइकमध्ये जाऊ नये म्हणून.

मी मानेनंच हो म्हटलं. पुढच्या रविवारी मी खेळायला बसले तर टेबलाच्या बाजूला आमचा लोखंडी कूलर. चाकांवर ढकलत यांनी तो बैठकीतून आणला होता, नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या आणि टाकी काठोकाठ भरली होती. नागपूरच्या माणसाला तापलेल्या कशावरही एकच औषध ठाऊक असतं. आणि खरं सांगते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी आत कुठेतरी हरखले. पोराशी बोलणं नाही, पण पोराच्या कार्डाला वाळ्याचा वारा.

आकडा भराभर खाली आला. मी निर्धास्त होऊन ट्रक घाटात घातला. गालावर तुषार येत होते, ते बरेही वाटत होते. मग काहीतरी चट्‌ वाजलं. पडदा काळा झाला आणि मुलगा वाक्याच्या मध्यातच गेला.

कार्डावर पाण्याचे बारीक थेंब होते. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. यांचा चेहरा मला बघवेना. चांगलं करायला जावं आणि तेच अंगावर यावं, असा तो चेहरा होता. आता खुर्ची गेली, आवाज गेला, सगळंच गेलं, एवढंच माझ्या मनात.

मोबाइल वाजला. मुलगाच होता.

"काय झालं, आई?"

"लाइट गेली वाटते," मी म्हटलं. बापाचं नाव पुढे आलं असतं तर पुन्हा वर्षभराची गाठ बसली असती.

"लाइट गेली तं कूलर कसा चालून राहिला?"

यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "कूलर म्या लावला. ते तापून राहिलं होतं."

मला वाटलं, आता ठेवतो तो.

"बाबा," तो म्हणाला, "आधी कार्डाचा प्लग काढा. मंग कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा राहू द्या. कोरडी हवा लागू द्या त्याले."

"उन्हात ठेवू?"

"नाई, घरातच. दुकानात स्टील पुसता ना, त्या मऊ फडक्यानं वरवर टिपून घ्या. उद्यापर्यंत हात लावू नका."

यांनी टिपलं. लग्नातला चांदीचा पेला पुसावा तसं. त्यानंतरचा दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. जाता-येता कार्डाकडे बघायची, बटणाकडे हात जायचा आणि मागे यायचा.

संध्याकाळी हे दुकानातून लवकर आले. मी म्हटलं, "लावून पाहू का?"

"थांब. त्याले इचारू दे."

यांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. पलीकडे रिंग जात राहिली आणि माझा जीव टांगणीला लागला. कार्डाचं मी विसरूनच गेले होते.

"हां, बाबा."

"लावू का बटन?"

"लावा."

कार्डाचे पंखे फिरले. पडदा उजळला. "झालं," हे म्हणाले. आता तो "आईले द्या" म्हणेल म्हणून मी हात पुढे केला.

"बाबा, रविवारी खुर्ची थोडी समोर घेत जा," तो म्हणाला. "मले नुसता पेपरचाच आवाज येते."

हे "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे न देताच ठेवून दिला. मी तशीच हात पुढे करून उभी. म्हणजे इतके रविवार कढईचं बूड तो मला नाही, मागच्या खुर्चीला सांगत होता.