जत्रेला म्हणून नेलेली मुलगी

माझ्या मायबापाने मला दत्तक दिलं तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि आपण कौंडण्यपूरच्या जत्रेला चाललोय असं मला सांगितलं होतं. बाळापूरजवळच्या आमच्या गावाहून अकोला, तिथून अमरावती. अंगावर नवा परकर, केसांत लाल फीत. माय म्हणाली होती, "जत्रेत तुले हिरव्या बांगड्या घेऊन देतो." तिघी थोरल्या बहिणींना घरी ठेवून मला एकटीलाच नेत होते, म्हणून मी वाटभर तोऱ्यात होते. मूर्ख कार्टी.

अमरावतीत जत्रा कुठे दिसेना. एका कचेरीच्या व्हरांड्यात मूलबाळ नसलेले एक मास्तर आणि त्यांची बायको आमची वाट पाहत बसली होती. पूर्वी मुलगी दत्तक जात नसे, आणि मूल देताना नवऱ्याचा शब्द पुरे असे. नुकत्याच आलेल्या कायद्याने दोन्ही बदललं होतं. आत कारकून मायला म्हणाला, "बाई, नवरा देऊन राह्यला, ते झालं. आता तुमची बी मर्जी लागते. राजीखुशीनं देता काय?" त्याने दोनदा विचारलं. बाप खिडकीबाहेर पाहत होता, मी मायकडे.

"हो," ती म्हणाली आणि अंगठा उमटवला. हात पुसायला काही नव्हतं, म्हणून शाई तिने माझ्याच परकराला पुसली. मग बापाने माझा हात मास्तरांच्या हातात दिला.

"अन् जत्रा?" मी विचारलं.

"तू हो पुढं. आमी येतो."

ती दोघं बारा वर्षं आली नाहीत. मधे त्यांना मुलगा झाल्याचं कानावर आलं, बस्स. मास्तरीणबाई माझी आई झाली. तिने परकर तीनदा धुतला, डाग गेला नाही. मी तो ट्रंकेत घडी करून ठेवला आणि रागही तसाच घडी करून ठेवला. राग विरू नये म्हणून मी अधूनमधून ट्रंक उघडत असे.

माझं लग्न ठरलं त्याच्या आदल्या वर्षी मास्तर वारले. कन्यादानाला जोडपं लागतं, विधवेचा हात चालत नाही. ही अडचण गावी कशी पोचली कोण जाणे, पण लग्नाच्या सकाळी बाप नवा फेटा बांधून मांडवात हजर, मागे माय. "आमी बसतो न," तो भटजींना म्हणाला. "लेकरू तं आमचंच हाये." भटजी खूश, वऱ्हाडी खूश. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बसू दे त्यांना, बेटा." मला वाढवलं तिने, आणि माझ्या लग्नात तिला दारात उभं करून ही दोघं पाटावर बसणार होती. बैल गेला अन् झोपा केला.

मी उठले, ट्रंकेतून दत्तकपत्र काढलं आणि मांडवात उभी राहून मोठ्याने वाचलं. "या मुलीवर आजपासून आमचा कोणताही हक्क राहिला नाही, व तो आम्ही पुन्हा कधीही सांगणार नाही." खाली बापाची वाकडी सही, शेजारी मायचा अंगठा. तोही बोट ठेवून सगळ्यांना दाखवला.

"एकदा देऊन टाकलेली पोरगी आता दुसऱ्यांदा कशी देता?" मी विचारलं.

बापाची मान खाली गेली ती वर आली नाही. मला फार गोड वाटलं. आजही आठवलं की वाटतं, लपवून काय करू? शेवटी शेजारचे काका-काकू पाटावर बसले, आणि आईने माझ्या हाताखाली आपला हात धरला. भटजी पोथीत बघत राहिले.

जाताना बाप सरळ रस्त्याला लागला. माय मांडवाच्या खांबाशी थांबली. ती रागावेल, रडेल, माफी मागेल, या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"मंग तू जत्रेले गेलती काय, पोरी?" तिने विचारलं.

"दर साली जातो," मी म्हणाले. "आई नेते."

तिने मान हलवली आणि निघाली. खरं तर आई दर कार्तिकात चल म्हणायची आणि मीच नाही म्हणायचे. हे मायला लागावं म्हणून मी बोलले होते. पण ऐकून तिचा चेहरा पडला की हलका झाला ते मला कळलं नाही, आणि अजून तेच सलतं. कौंडण्यपूर मी आजवर पाहिलेलं नाही.