कापलेला समास

माझा काका सरकारी दप्तरखान्यात जुन्या वह्यांची बांधणी करायचा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या आजोबांना भर बाजारात कुऱ्हाडीने तोडलं, एवढंच घरात माहीत होतं. कुणी तोडलं, ते नाही. “नाव सापडू दे, त्याच्या नातवंडांच्या दारात जाऊन थुंकतो,” असं तो जेवतानासुद्धा म्हणायचा. मी म्हणायचे, “काका, आधी घास गिळ.”

रोज काम संपल्यावर नोंदी चाळत एकवीस वर्षं गेली, तेव्हा खुनांच्या वहीत आजोबा सापडले. मानेवर तीन घाव, डावा हात खांद्यापासून वेगळा, रक्त गटारापर्यंत. खाली लिहिलं होतं: मारेकऱ्याचे नाव समासात पाहावे.

समास नव्हताच. बांधताना फाटक्या कडा न वाचता सरळ कापून टाकायच्या, ही दप्तरखान्यातली रीत. काकाने कडेवरून बोट फिरवलं. मधोमध बारीक ओरखडा लागला. त्याच्या कापायच्या यंत्राच्या पात्याला तिथेच खाच होती.

त्याने पात्यावर मूठ हाणली. रक्त वहीवर सांडलं, तरी तो हाणतच राहिला.

“आजोबांना कुणीतरी मारलं,” तो म्हणाला, “आणि त्याला मी सोडवलं.”