ओटीतला जोंधळा

राहीबाई माझी चुलती. नवरा पलटणीत, त्यामुळं शेताचा सगळा कारभार तिच्याच हाती. ती चिडली की अख्खी आळी चिडीचूप व्हायची आणि लढाईच्या, कंट्रोलच्या त्या दिवसांत ती रोजच चिडलेली असे. मीही होतो. अजून आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, ओढ्यापलीकडचं सांगली संस्थानात. तोवर ओढा म्हणजे नुसती धुणं धुवायची जागा. सरकारनं तिथं नाका बसवला आणि धान्य पलीकडं न्यायला बंदी केली. आमच्याकडं जोंधळा रग्गड पिकलेला, पण सरकारनं बांधून दिलेल्या भावात गाडीभाडंही सुटेना. पलीकडं पीक जळालेलं आणि रेशनच्या दुकानाला कुलूप. घेणारे तयार, देणारे तयार, आणि मध्ये एक बांबू आडवा! जोंधळ्याला घरातच किडे लागले. भलं झालं ते त्या किड्यांचंच.

राहीबाईची लेक लीलाबाई पलीकडं दिलेली. अंगावर पिणारं पोर आणि दूध आटत चाललेलं. आंधळ्या सासूला टाकून तिला माहेरी राहताही येईना. राहीबाई पाटीभर जोंधळा घेऊन निघाली, तो नाक्यावर जप्त झाला.

"जोंधळा माजा, लेक माजी. तू कोन रं मधी?" ती कडाडली. नाक्यावरचा शिपाई गुंडा आमच्याच भागातला. त्यानं पाटी उचलून नाक्यात नेऊन ठेवली.

मग तिनं लेकीला एका दिवसासाठी माहेरी बोलावलं आणि निघताना तिची ओटी भरली. खण, नारळ आणि पदर फाटेस्तोवर जोंधळा. सवाष्णीच्या भरल्या ओटीला हात लावायची गुंडाची काय बिशाद! त्यानं बांबू वर केला. बघता बघता पलीकडच्या सगळ्या सुना आमच्या गावच्या माहेरवाशिणी झाल्या. येताना कुणी गूळ आणी, कुणी मिरची. सरकारला जमलं नाही ते बायकांनी पदरात करून दाखवलं.

पुढं नाक्यावर नवे साहेब आले. लीलाबाई पोर कडेवर घेऊन उभी होती.

"ओटी खाली कर," साहेब म्हणाले.

"सायेब, भरली वटी सांडत न्हाईत," गुंडा पुटपुटला.

"कर म्हणतो ना!"

लीलाबाईनं पदर सोडला. जोंधळा चिखलात पडला, त्यावर खण आणि नारळ. धुणं धुणाऱ्या बायका रडू लागल्या. राहीबाई रडली नाही. लेक रिकाम्या पदरानं ओढा ओलांडून गेली, आणि पावसाळा सरायच्या आत तिचं पोर गेलं.

मला कायदा शिकवू नका. कुणाच्या पोटासाठी होता तो?

त्या साली राहीबाईनं घरापुरतंच पेरलं आणि बाकीचं रान पडीक टाकलं. तिचं बघून गावानंही तेच केलं. सुगीला तेच साहेब सरकारी धान्यवसुलीसाठी दारात आले.

"जोंधळा कुठं आहे, बाई?"

राहीबाईनं ओढ्याकडं बोट केलं. "तितं चिखलात बघा, सायेब. तुमीच वतलाय."